खोल कुंडी

"एवढी खोल कुंडी कशाला गं? खाली काय लपवलंयस?" परीक्षक ओताकारकाकांनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं.

"मूळ," वेंदुला म्हणाली.

शेजारच्या टेबलावरच्या ब्लाझेनाबाई फिस्सकन हसल्या. ओलोमोउत्स शहरातल्या निवडुंगवाल्यांचं वसंतातलं प्रदर्शन म्हणजे सगळे एकमेकांना ओळखून, आणि सगळे एकमेकांच्या कुंडीत डोकावून! त्यात ही कालची पोरगी. आणि तिचं रेबुतिया जातीचं निवडुंग केवढं, तर ताटलीएवढं. सुपारीएवढ्या काटेरी पिल्लांची नुसती दाटी, आणि वर लालभडक फुलं.

"अहो, सोप्पंय," ब्लाझेनाबाई म्हणाल्या. "पाच-सहा रोपं आणायची, एका कुंडीत कोंबायची, वरून खडी पसरायची. झालं बेट तयार! मी काय आज बघतेय?"

काकांनी मान हलवली. "तसं असलं तर बाद करावं लागेल, पोरी. पुढच्या वर्षीही टेबल मिळायचं नाही."

वेंदुलाचा भडकाच उडाला. बाद? आणलं तेव्हा वाटाण्याएवढं होतं ते! दर हिवाळ्यात खिडकीच्या दोन तावदानांमध्ये, गारठ्यात ठेवायचं, पाण्याचा थेंब नाही. ते मनुकेसारखं सुरकुतायचं, आई कळवळून पेला घेऊन यायची, आणि ही खिडकीसमोर हात पसरून उभी!

"काढून बघू या," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? फुलावर असताना?" आता काकाच घाबरले. "मोडेल ना ते!"

"मोडलं तर मोडलं."

तिने वर्तमानपत्राची घडी झाडाभोवती गुंडाळली, कुंडी तिरपी केली आणि काठ टेबलावर आपटला. पुन्हा आपटला. खडी सांडली, दोन फुलं गळली, एक पिल्लू सुटून टुणकन खाली गेलं, आणि माती झडल्यावर आत दिसलं काय, तर गाजर! अस्सं जाडजूड, एकच मूळ. सगळी पिल्लं त्याच्याच डोक्यावर.

ब्लाझेनाबाईंना एकदम आपल्या निवडुंगांवरची धूळ दिसली. ब्रश काढून त्या झटकतच बसल्या.

काकांनी मूळ एकदा बोटाने चाचपलं. मग पहिल्या नंबरची फीत तिच्या टेबलावर ठेवली.

संध्याकाळी आवराआवर करताना वेंदुला टेबलाखाली वाकून ते सुटलेलं पिल्लू शोधत होती. नव्हतंच कुठे. मान वर केली, तर ओताकारकाका दाराकडे निघालेले. एक हात कोटाच्या खिशात, आणि मूठ अशी अलगद, जणू आत चिमणीचं पिल्लू आहे.

"काका!" ती ओरडली. "आठवडाभर कोरडंच ठेवा हं! लगेच मातीत नका लावू!"

काका थबकले. कान लालेलाल.

"मला शिकवतेस होय गं?" ते वळून न बघताच म्हणाले. पण हात काही खिशातून बाहेर आला नाही.