बटणांचा डबा

घरीच शिवणकाम करणाऱ्या त्या आईची एक रीत होती. लेकीचा कपडा तोकडा झाला, की तो कुणाला देण्याआधी ती त्याचं एक बटण कापून बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायची. जो कपडा लेक पुन्हा घालणार नाही, त्याचंच बटण डब्यात जायचं. रविवारी दुपारी मायलेकी तो डबा सतरंजीवर ओतायच्या आणि बटणांच्या गोष्टी रंगायच्या.

"हे दुपट्याचं?"

"वेडाबाई, दुपट्याला कुठं बटण असतं? झबल्याचं ते!"

मग लेकीनं एक हिरवं, माशाच्या आकाराचं बटण उचललं. "आणि हे गं?"

आईनं ते तिच्या हातातून ओढून घेतलं. तसली पाच बटणं तिनं आज सकाळीच नव्या फ्रॉकला लावली होती. फ्रॉक लेकीच्या अंगावरच होता, आणि त्यावर चारच मासे होते.

तिनं दुहेरी दोऱ्यानं ते बटण पुन्हा शिवलं, गाठीवर गाठ मारली. लेक खिदळली, "गुदगुल्या होतात!"

रिकाम्या डब्यात टण्ण वाजलं. आईनं घाईघाईनं झाकण लावलं. आत पुन्हा वाजलं.

तिनं लेकीला उराशी कवटाळलं, फ्रॉकवर तळवा दाबून धरला. तिसऱ्यांदा वाजलं. चौथ्यांदा.

"आई, आत कोण टाकतंय गं?"

तळव्याखालचं शेवटचं बटण हळूच फिरू लागलं.