गाठींमागचं दार

नांदगाव पेठच्या एका सूतगिरणीत जमुनाबाईच्या मशीनमागचं आपत्कालीन दार कापसाच्या गाठींनी अडलं होतं. सुरक्षा विभागाचे किशोरभाऊ म्हणायचे, गाठी बाहेर काढा. क्वालिटी विभाग म्हणायचा, बाहेर भिजतील. पर्यावरण विभाग म्हणायचा, बाहेर कापूस उडेल. मार्चमध्ये तिथेच ठिणगी पडली. जमुनाबाईने ती ओल्या पोत्याने विझवली.

मग कंपनीने एकात्मिक व्यवस्थापन आणलं. तिन्ही विभाग एक झाले आणि तिन्हींचे प्रमुख म्हणून किशोरभाऊंनाच नेमलं. जमुनाबाई पेढे घेऊन गेली.

"आता तरी दार मोकळं होईन ना, भाऊ?"

किशोरभाऊंनी पेढा संपवला, हात पुसले.

 

"मी तं आजच गाठी हटवतो, जमुनाबाई. पण क्वालिटीवाले आयकूनच नाही राहिले."