बारा पस्तीसचा मुहूर्त

सिन्नर फाट्यावरच्या लॉन्सवर लग्न लागायची वेळ झाली आणि उपेंद्र गुरुजींचा घसा पार बसलेला. आदल्या दिवशीची चार लग्नं त्यांना भोवली होती. म्हणून त्यांच्याच आवाजातली जुनी मंगलाष्टकं वाजवायचं काम डीजे हर्षलकडे आलं.

"थोरलीचा मुहूर्त हुकला अन् सहा महिन्यांत पोरगी माघारी आली," नवरीचे वडील गोरक्षनाना त्याच्या कानाशी लागले. "पत्रिकेत बारा पस्तीस हाय. एक मिनिट इकडंतिकडं नको, भाऊ!"

नवरी बोहल्यावर आली तेव्हा पाचच मिनिटं उरली होती आणि मंगलाष्टकं होती सहा मिनिटांची. हर्षलने कंट्रोलरवरचा वेगाचा स्लायडर हळूच वर सरकवला. आवाज चिरका न होता गती वाढली, पण गणित अजून वीस सेकंदांनी चुकत होतं. तेवढ्यात एका हाताने अंतरपाट धरलेले गुरुजी त्याच्याकडे बघून दुसरा हात जोरजोराने हलवू लागले. आणखी घाई कर म्हणत असतील, असं समजून त्याने घामेजल्या बोटाने स्लायडर अजून रेटला.

शेवटचं 'सावधान' बरोबर बारा पस्तीसला पडलं. अक्षता उडाल्या, माळा पडल्या, नानांनी डोळे पुसत त्याला मिठीच मारली.

गुरुजी गर्दीतून वाट काढत आले आणि उरल्यासुरल्या आवाजात त्याच्या कानात कुजबुजले,

"खरा मुहूर्त एक पाचचा आहे रे! पत्रिकेत मी नेहमी अर्धा तास आधीचाच छापायला सांगतो. पस्तीस वर्षांत कोणी वेळेवर लग्न लावलंच नव्हतं."