काउंटरमागची स्टुलं

कामगार कार्यालयाचा आदेश आला आणि साडीच्या दुकानात काउंटरमागे स्टुलं मांडली गेली. पण दुपार झाली तरी दिवसभर उभं राहून साड्या दाखवणाऱ्या बायकांपैकी एकीचीही बसायची छाती होईना. गल्ल्यावरून शेठ बघत होते.

बसायला मिळावं म्हणून केलेल्या तक्रारीवर सही केली नव्हती ती एकट्या मंगलाताईंनी. "शेठचं मीठ खाल्लंय," म्हणाल्या होत्या. आता मात्र त्यांची नजर शेजारच्या रेवतीच्या पायांवरून हलेना. सातवा महिना, घोटे सुजून पैंजण रुतलेले.

"घरचे म्हणतात, सोड नोकरी. सोडतेच आता," साडीची घडी घालत रेवती पुटपुटली.

मंगलाताईंनी पदर खोचला, स्टूल ओढलं आणि सगळ्यांदेखत त्या बसल्या.

"ताई, तुम्हीसुद्धा?" शेठ म्हणाले. "धंद्याच्या वेळी बसलं की लक्ष्मी निघून जाते."

"तुमच्या डोक्यावरच्या तसबिरीत बघा, शेठ. कमळावर बसलीय ती. दिवसभर उभी ठेवली असती, तर केव्हाच गेली असती."

दुकानात हशा पिकला. शेठनी मान खाली घालून नोटा लावायला घेतल्या. मंगलाताईंनी दुसरं स्टूल जवळ ओढून घट्ट धरलं.

"बस गं पोरी. हळू."

त्यांच्या खांद्याचा आधार घेत रेवती टेकली आणि पोटावर हात ठेवून हसली.

"ताई, बाळानंही कूस बदलली बघा."