कांडपाची परवानगी

"कोन कुठचा म्हातारा, त्याले काका म्हनू म्या? डोस्कं फिरलं का तुह्यं?" राजदीपनं मिरचीच्या पोत्याले लाथ मारली.

त्याच्या बायकोनं, रुपालीनं नाकावरचा फडका खाली केला. "मंग तुमीच सांगा उपाय. ग्रामसेवक सोमवारी येते. घरात कोनी राहात नसन तं कांडप बंद, खोलीले कुलूप. माह्यासंगच्या चार बायांनी काय करावं?"

राजदीपनं पोतं उचलून भिताडाले लावलं.

शेजारच्या शीलानं तक्रार देल्ली होती. मिरची कुटाची मशीन चालू झाली का तिच्या पोरीले ठसका लागे. त्याच्यावर पंचायतीचं पत्र आलं. घरगुती धंदा कराचा तं त्या घरात घरचं मानूस राहाले पायजे. नुसती मशीन ठेवली का ते घर नाही, कारखाना झाला. अन वस्तीत कारखान्याले परवानगी नाही.

राजदीप दोन वर्षापासून तांड्याच्या दुसऱ्या टोकाले सरकारी घरकुलात राहे. घरकुल घेताना त्यानं लिहून देल्लं होतं का मले दुसरं घर नाही. हे जुनं घर अजून मेलेल्या बापाच्या, नेमसिंगच्या नावावरच होतं. आता तो कोनत्या तोंडानं म्हनन, म्या इथी राहतो?

"सासऱ्याचा भाऊ राहते म्हना," रुपाली म्हने. "तुमी राठोड, तोही राठोड. कागदावर कोन पाहते, कोनता राठोड कोनाचा?"

म्हाताऱ्याचं नाव लखीराम. दिग्रसले एका कापसाच्या जिनिंगवर चौकीदार होता. हात थरथराले लागले तशी मालकानं सुट्टी देल्ली. तवापासून बसस्टँडच्या बाकावर झोपे. मांगं-पुढं कोनी नाही.

शुक्रवारी राजदीपनं त्याले मोटरसायकलवर आनलं. बोलनं पक्कं होतं. सोमवारपरेंत राहाचं, दोन टाइम जेवन, जाताना नवं धोतर.

लखीरामनं दारातच हात जोडले. मंग घरभर हिंडला. भिताडं ठोकून पाह्यली. मांगचं दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं.

"काय पाहता बावाजी?"

"साहेबानं इचारलं तं सांगता आलं पायजे नं," लखीराम म्हने. "अन काका म्हन. सवय पाड."

रुपाली फसकन हासली. राजदीप नाही हासला.

शनिवारी म्हाताऱ्यानं खाट उचलून खिडकीखाली नेली. छपराचा टिन सरकला होता, तो बसवला. मशीनच्या खिडकीले ओलं पोतं बांधलं. त्या दिवशी शीलाची पोरगी खोकलली नाही. सांजच्याले शीला सोता चहा घेऊन आली.

राजदीपचं टाळकं सटकलं. "जादा शानपना कराचा नाही. पावने हाय तुमी इथी. समजलं?"

"समजलं नं, बापू," लखीराम म्हने, अन चहा बशीत ओतला.

रविवारी राजदीपनं पाठांतर घेतलं.

"माह्या बापाचं नाव?"

"नेमसिंग. माहा मोठा भाऊ. उजव्या पायानं लंगडे. पोटात गाठ झालती, याच खोलीत गेला."

राजदीप चमकला. "हे म्या कवा सांगतलं?"

"तू नाही. शीलानं सांगतलं."

"अन तिनं तुमाले इचारलं नाही, भाऊ मेला तवा कुठं होते म्हनून?"

"इचारलं. रडलो म्या. मंग ते गप झाली."

सोमवारी दुपारी ग्रामसेवक आला. कमी बोलनारा मानूस. त्यानं चूल पाह्यली, राख गरम हाय का ते पाह्यलं. दांडीवरचे कपडे पाह्यले. उशी उचलून पाह्यली. चारही बाया भिताडाले चिपकून उभ्या.

"किती दिवसांपासून राहता आजोबा?"

"भाऊ गेला तवापासून, साहेब."

ग्रामसेवकानं चष्मा पुसला अन शीलाकडं वळला. "तक्रार तुमची आहे. तुम्ही सांगा. हे इथं राहतात?"

शीलानं राजदीपकडं पाह्यलं. एका शब्दानं कांडप गेलं असतं, अन वरून खोटं सांगतलं म्हनून लफडं.

"राहतेत," शीला म्हने. "काकानंच पोतं बांधलं. आता माह्यी काई तक्रार नाही."

ग्रामसेवकानं पंचनामा लिहाले घेतला. "परवानगी राहणाऱ्याच्या नावानं निघते. राजदीप, तुमचं घरकुल आहे. तुम्ही इथं राहत नाही, काका राहतात, तुमची काही हरकत नाही, असं लिहा अन खाली सही करा."

राजदीपनं झटक्यात लिहिलं, झटक्यात सही केली. शीलानं केली, रुपालीनं केली. लखीरामनं शेवटी केली. हात जरासाही थरथरला नाही.

"कांडप चालू ठेवा. पोतं मात्र ओलं पाहिजे," ग्रामसेवक म्हने. पंचनाम्याची एक नक्कल लखीरामच्या हातात देल्ली अन गेला.

बायाईनं टाळ्या वाजवल्या. रुपालीनं मशीन चालू केली. राजदीपनं नवं धोतर खाटेवर फेकलं अन बाहीर जाऊन मोटरसायकल चालू केली.

"चला काका! जमलं बॉ तुमाले. सोडतो दिग्रसले."

लखीराम बाहीर आला. नवं धोतर नेसला होता. नकलेची घडी त्यानं खिशात घातली. त्याचं गाठोडं खाटेखालीच होतं.

"गाठोडं घ्या नं."

"राहू दे. रुपाली, मशीन चालव माय तू, माह्यी काई हरकत नाही." म्हातारा मोटरसायकलवर मांगं बसला अन राजदीपच्या खांद्यावर हात ठेवला. "दिग्रसले नाही, पुतन्या. पंचायतीत घे. मले आता निघा लागते. पाच वाजता बंद होते ते, अन घरावर माह्यं नाव चढवाचं हाय."