भिंतीवरचं टिंब

"हे हातमोजे खोटे आहेत," सह्यांचा व्यापारी म्हणाला आणि त्याने ते टीपॉयवर टाकले. "विकणाऱ्याला चौकीत बसवूनच आलोय. सत्तरीचा म्हातारा, पण काय धाडस! म्हणे, शेवटच्या सामन्यानंतर खुद्द तुम्हीच दिलेत, काका."

चहा घेऊन आलेली बायको दारातच थांबली. म्हातारा कोण, ते तिला न सांगता कळलं. क्लबात खेळाडूंचे कपडे धुणारा. नवऱ्याचा एक गुडघा बदलला, तेव्हा दवाखान्यात रोज येऊन मुकाट बसणारा तो एकटाच होता.

खुर्चीतल्या नवऱ्याने हातमोजे उलटसुलट करून पाहिले. एके काळी हा गोलकीपर. इतका चिवट, की लोक त्याचं नाव विसरले आणि त्याला भिंत म्हणू लागले. पुढे पुढे तो सहीसुद्धा तीच करायला लागला. भिंत.

"सही माझीच आहे," तो म्हणाला.

व्यापारी हसला. "काका, तुम्ही पोत्यांनी सह्या केल्यात. तुम्हाला कशी आठवणार? ओळखायचं काम माझं. टिंब बघा ना! तुमचं टिंब कसं, जाड, गोल, जरासं उजवीकडे कललेलं. या सहीला टिंबच नाही. बाजारात आधी टिंब बघतात, मग सही. टिंब असलं तर चेंडूला सोन्याचा भाव. नसलं तर मुलांना खेळायला द्यावा."

बायको ट्रे घेऊन दोन पावलं आत आली. ते टिंब तिचं होतं.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याने कुणाला तरी द्यायला एका फोटोवर सही केली होती. टिंब राहून गेलं होतं. त्याच्याशिवाय तिथे नुसतं 'भित' दिसत होतं. भित्र्यातलं भित. लोक हसतील म्हणून तिने पेन घेऊन वर हळूच ठिपका टेकवला. पुढच्या सहीलाही तेच. मग ती रीतच पडून गेली. तो टेबलाशी बसून सह्या करायचा आणि एकेक चेंडू मागे सरकवायचा. ती फुंकर घालून शाई वाळवायची, टिंब द्यायची आणि चेंडू पेटीत ठेवायची. मुद्दाम त्याच्या पाठीमागे बसायची. आपला माणूस शुद्धलेखनात कच्चा, हे त्याच्या तोंडावर कशाला? खोटं बोलायचं नाही, हा तिचा नेम होता. पण टिंबाबद्दल तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

हातमोजे तेवढे तिच्या हाताखालून गेले नव्हते.

दाराशी नव्या चेंडूंची पेटी बांधून तयार होती. व्यापारी आज ती घेऊन जाणार होता आणि त्या पैशांवरच दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. तोंड उघडलं तर पेटी इथेच राहणार. नाही उघडलं तर तो म्हातारा तिथे राहणार.

तिने ट्रे खाली ठेवला.

"त्यांना सोडा. टिंब मी देते."

"म्हणजे?"

"सही यांची, टिंब माझं. पहिल्यापासून." नवऱ्याकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

व्यापाऱ्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने उठून आधी दार लोटलं.

"काकू, हे दुसऱ्या कुणाजवळ बोललात?"

"नाही."

"मग बोलूही नका. माझ्या दुकानाला टाळं लागेल आणि तुमच्या या पेटीला कुत्रं विचारणार नाही." तो दोन फेऱ्या मारून थांबला. खिशातून त्याने मार्कर काढला. "असं करा, यावरही देऊन टाका. हातमोजे खरे, तुमचा म्हातारा खरा. मी जाऊन कान पकडतो, बघण्यात चूक झाली म्हणतो. एक टिंब, काकू! कुणाचं वाईट होतंय यात?"

कुणाचंच नव्हतं. तरी तिला काहीतरी डाचत होतं. तिने मार्कर घेतला. हातमोजा मांडीवर ताणून धरला. मार्करचं टोपण काढलं.

तेवढ्यात मनगटावर नवऱ्याचा पंजा पडला. चेंडू अडवावा तसा.

"राहू दे. हा असाच असू दे."

"अहो, तुम्ही टिंब विसरलात, म्हणून त्या बिचाऱ्यांना..."

"माझी काठी दे." तो व्यापाऱ्याकडे वळला. "चल. चौकीत मीच सांगतो, सही माझी आहे."

"काका, तिथे विचारतील ना, टिंब कुठंय म्हणून! आणि एकदा का हे फुटलं, तर ऑपरेशन विसरा."

"विसरलो."

काठीवर भार देत तो कसाबसा उभा राहिला. हातमोजे त्याने काखेत धरले. व्यापाऱ्याला ओलांडून त्याची नजर बायकोवर आली आणि तिथेच थांबली.

"प्रत्येक सामन्याआधी बाथरूमची कडी लावून मी ओकायचो. पाय लटलटायचे. कधी कधी तर त्याहून वाईट व्हायचं. तुलासुद्धा सांगायची लाज वाटली. ठाऊक होतं ते त्या एका माणसाला. माझे कपडे तोच धुवायचा ना. कधी कुणाजवळ बोलला नाही. म्हणून हे त्याला दिले."

तिच्या हातातला मार्कर उघडाच राहिला होता. बोटाला शाई लागली, तरी तिला कळलं नाही.

"टिंब मी विसरत नव्हतो गं," तो म्हणाला. "भिंत मी कधी लिहिलीच नाही. ती तू लिहायचीस."