एका वेळी एकच बदल

“सर, चालणाऱ्या कोडला हातच लावायचा नाही, तर आम्हाला बोलावलंत कशाला?”

‘हिंमत असेल तर विचारच!’ असं मैत्रिणींनी डिवचलं, म्हणून मी खरंच विचारलं, तेही ऑनलाइन, सगळ्यांना दिसेल असं. मराठी टायपिंगचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, ते कुणीही सुधारू शकतं; पण कोडमधली माझी आवराआवर ते सांभाळणाऱ्या सरांनी एका ओळीत परत पाठवली होती: ‘चालतंय ना? मग कशाला?’

“आता हाकलतात तुला!” माझी मैत्रीण शलाका खिदळली.

सरांचं उत्तर आलं, “सात बदल एकाच गाठोड्यात बांधलेस. एकेक पाठव, कारणासकट.”

मग काय, बसलेच मी! पहिला बदल: एकच नियम चार ठिकाणी लिहिलेला, तो एका जागी आणला. कारण: मागची दुरुस्ती तीनच ठिकाणी झाली, चौथ्या ठिकाणी जोडाक्षरं अजून तुटतात. असे एकेक करत सहा बदल मंजूर! सातवा नुसताच माझ्या आवडीचा होता, तो मीच मागे घेतला.

घरी जेवताना मी कागद काढला. “आई, बाबा, एका वेळी एकच बदल सांगते. शाळेत झालेलंच पुन्हा शिकवणारा शनिवारचा क्लास मी सोडतेय. कारण लिहून आणलंय.”